फोड, बिब्बा आणि पाचवा मंगळवार

लोक मला विचारतात, "सिस्टर, एवढी वर्षं नोकरी केलीत, मोठमोठ्या केसेस बघितल्या असतील?" बघितल्या की! बाळंतपणं बघितली, विंचू बघितले, कडबाकुट्टीत गेलेली बोटं बघितली. पण खरं सांगू का, माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त काय गेलं असेल तर माणसांचे तळपाय. आटपाडीच्या पलीकडच्या एका सरकारी रुग्णालयात मी ड्रेसिंग रूम सांभाळायचे. शेवटची चौदा वर्षं तर मला तिथून कुणी हलवलंच नाही. मी मूळची वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. इकडं बदली झाली तेव्हा माझी आई रडली होती. तिला वाटलं, पोरीला पाणी मिळणार नाही. पाणी मिळालं, टँकरचं का होईना. पाय मात्र इतके मिळाले की विचारू नका.

आणि त्या पायांवर फोड. आमच्या डॉक्टरांच्या लेखी फोड म्हणजे काही आजार नव्हता. "सिस्टर, जरा बघा यांना," एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडं वळायचे. त्यांचंही बरोबर होतं, बाहेर रांग असायची. पण ज्याच्या टाचेला फोड आलाय त्याला विचारा. हाड मोडलेला माणूस खाटेवर पडून राहतो, त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. फोडवाल्याला मात्र रानात जायचं असतं, लग्नात मिरवायचं असतं, एसटी गाठायची असते. वर घरचे म्हणणार, एवढ्याशा फोडाचं काय कौतुक!

फोड येतो कसा ते आधी सांगते. कातडीला थर असतात. वरचा थर बुटाबरोबर सरकतो, खालचा हाडाबरोबर जागेवर राहतो. एका घरातली दोघं दोन दिशांना ओढायला लागली की मधे जे होतं तेच इथं होतं. मधली जागा सुटते आणि तिथं पाणी भरतं. घामानं पाय ओला असेल तर कातडी मऊ पडते आणि काम आणखी लवकर होतं. हे पाणी घाण नसतं बरं का. शरीरानंच आतल्या कोवळ्या कातडीखातर घातलेली ती गादी असते. लहान फोड असेल तर त्याला हात न लावता झाकून ठेवा, आठवड्यात आपोआप जिरतो. पण लोकांना फोड दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. बाभळीच्या काट्यानं फोडलेले, सेफ्टी पिनेनं फोडलेले, दाढीच्या ब्लेडनं कापलेले असे सगळे फोड माझ्याकडं आले. त्यावर हळद, चुना, टूथपेस्ट, विडीची राख. एकानं ट्रॅक्टरचं ग्रीस लावलं होतं. "मशिनला चालतंय तर मला का न्हाई?" म्हणाला. मी त्याला म्हटलं, मग डिझेलही पी.

सरावानं मला एक विद्या आली होती. माणूस खोटं बोलायचा, पण फोडाची जागा बघून मी बूट ओळखायचे. टाचेच्या मागं फोड म्हणजे बूट मोठा, पाय आत वरखाली होतोय. बोटांच्या शेंड्याला म्हणजे लहान. करंगळीच्या कडेला म्हणजे अरुंद. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात म्हणजे नवी कोरी कोल्हापुरी. आणि तळव्याच्या चवड्यावर पसरट फोड म्हणजे माणूस अनवाणी चाललाय, तेही तापलेल्या डांबरावरून.

जतकडचे बिराप्पा नावाचे एक मेंढपाळ यायचे. निम्मं वाक्य मराठी, निम्मं कन्नड. जन्मभर जाड वहाणा घालून मेंढरांमागं फिरलेले, तळपाय असे की माझी सुई वाकली असती. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलानं त्यांना दसऱ्याला स्पोर्ट शूज आणले. बिराप्पांनी ते बिनमोज्याचे घातले आणि दिवसभर मेंढरं वळली. दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड. दारातूनच ओरडले, "अक्का, आदी ह्या बुटाला सुई मार. पिसाळलाय त्यो, चावतोय!"

"मोजे का नाही घातले?"

"मोजं बारकी पोरं घालत्यात."

पुढच्या खेपेला आले तेव्हा पाय बरे होते आणि पायांत जुन्याच वहाणा. बूट कुठं गेले म्हणून विचारलं. "बिरोबाच्या देवळात ठिवल्यात. त्येलाबी हिंडावं लागतंय की रानातनं," म्हणाले.

एकदा तर चक्क नवरदेव आला. फेटा, मुंडावळ्या, सगळा थाट. बाहेर जीपमध्ये बँडवाले बसलेले. लग्नात मेव्हण्यांनी जोडे लपवायचे हा रिवाज, पण याच्या मेव्हणीनं ते कडब्याच्या गंजीत लपवले आणि कुठल्या गंजीत ते विसरली. मग त्यानं सासऱ्यांच्या चपला घातल्या आणि गावभर वरात मिरवली. मी ड्रेसिंग करता करता विचारलं, "सासरची माणसं कशी आहेत?" तो बिचारा कळवळत म्हणाला, "माणसं आजून कळायची हायत सिस्टर, पण चपला लय बारक्या हायत."

हसायचे प्रसंग असे पुष्कळ. पण एक केस आठवली की माझं हसू जातं, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या बाजारपेठेत एक किराणा दुकानदार होते, आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो. सभ्य, हसतमुख माणूस, मधुमेह होता. पुतणीच्या लग्नात नवे बूट घातले आणि करंगळीला फोड आला. फोड मोठा होता, फुटलेला होता. मी विचारलं, "दुखतंय का?" ते म्हणाले, "अजिबात नाही." आणि मी काय म्हणाले? "वा शेठ, पैलवान आहात की!" पट्टी लावली आणि पाठवून दिलं. पुन्हा कधी यायचं तेही नीट सांगितलं नाही. महिन्याभरानं कळलं, मिरजेला नेऊन त्यांची दोन बोटं काढावी लागली. मधुमेहानं पायाची जाणीव गेली होती म्हणून दुखत नव्हतं. मला हे शिकवलेलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. ते नंतर काठी टेकत दुकानात बसायचे आणि मी समोरून गेले की म्हणायचे, "सिस्टर, तुमची काही चूक नाही हो." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी ड्रेसिंग रूमचा नियमच बदलला. जो बोंबलतोय तो थांबेल. ज्याचं दुखत नाही त्याला आधी आत घ्यायचं. लोकांना हे उलटं वाटायचं, भांडणं व्हायची. मी सगळ्यांना सांगायचे, दुखतंय म्हणजे पाय शाबूत आहे, देवाचे आभार माना आणि बाकावर बसा.

तर आता हौसाबाई.

निवृत्त व्हायच्या आधीचा उन्हाळा. शुक्रवार, बाजाराचा दिवस. दारातून एक उंच, काटक बाई चवड्यांवर चालत आत आली, टाचा अधांतरी. वय सत्तावीस-अठ्ठावीस. मागून एक ठेंगणी म्हातारी, नऊवारी लुगडं आणि मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ.

"आवं सिस्टर, आदी हिला घ्या. हिचं बुधवारी ग्राउंड हाय."

ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची मैदानी चाचणी. आमच्या भागात हा शब्द लग्नाच्या तारखेसारखा उच्चारतात. पळायचं, गोळा फेकायचा, त्याचे मार्क मिळायचे. पुढं लेखी परीक्षा. उंच बाईचं नाव पूनम, म्हातारी तिची सासू हौसाबाई. मुलगा फौजेत, कुठंतरी बर्फात. घरी या दोघीच.

"सिस्टर, ही माजी शेवटची भरती," पूनम म्हणाली. "वय संपतंय. मागच्या खेपंला दोन मार्कांनी गेली. कायबी करा, पर बुधवारी मला पळता आलं पायजे."

मी टाच बघितली. मधे एक टम्म फुगलेला फोड, बुटाचा. पण त्याच्या भोवतीनं कातडी काळीलाल झालेली आणि त्यावर बारीक बारीक फोडांची रास.

"हे काळं काय आहे?"

हौसाबाई वर छताकडं बघायला लागल्या. छतावर पंख्याशिवाय काही नव्हतं.

"बिब्बा," पूनम हळूच म्हणाली.

"कुणी लावला?"

"आत्यांनी."

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. बिब्बा हे झाडाचं फळ. ते तापवून त्याचं तेल भेगाळलेल्या टाचेला लावायची जुनी रीत आहे. निबर टाचेला ते कधीकधी सोसतं. पण कातडी सोललेली, ओली असली की बिब्बा उततो, म्हणजे भाजल्यासारखं होऊन आजूबाजूला नवे फोड उठतात.

"मला वाटलं टाच टणक हुईल," हौसाबाई म्हणाल्या.

"एका फोडाचे वीस केलेत तुम्ही!"

"आवं, मी लावला तवा एकच व्हता."

माझा पारा चढला. "हौसाबाई, तुम्ही सुनेच्या बाजूच्या आहात की बाकीच्या पोरींच्या?"

झालं! म्हातारी उसळली. "माज्याएवढं हिच्या बाजूचं कोण हाय वो? रोज फटफटायला हिला उठिवती कोण? ह्ये घड्याळ आमच्या मालकांचं. घिऊन बांधावर हुबी ऱ्हाती मी. तांबडा काटा हितनं हितवर आला की ही हिरीपाशी पायजे. न्हाई आली की पुन्यांदा पळिवती."

"आन वरडत्यात काय म्हाईत हाय का?" पूनमला त्या दुखण्यातही हसू आलं. "कोल्हं आलं, कोल्हं आलं! एकदा खरंच आलं सिस्टर, आन मला वाटलं आत्याच."

मी बूट मागितला. पिशवीतून निघाला तो नवऱ्याचा, फौजेच्या कॅन्टीनमधून पाठवलेला, एक नंबर मोठा. पुढं कापूस कोंबलेला. "ह्यांनी लय हौसेनं पाठिवलाय," ती म्हणाली.

"हौस ट्रंकेत ठेव. तुझ्या मापाचा बूट घे. आणि नवा आणू नकोस, नवा पण चावतो. भरतीच्या अकॅडमीतल्या कुणातरी मैत्रिणीचा वापरून मऊ झालेला माग."

बिब्ब्याचं लक्षण मी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मलम लिहून दिलं. मधला फोड एरवी मी तसाच झाकला असता. पण हिला पळायचं होतं आणि तो भलत्या जागी फुटला असता. साबणानं पाय धुतला, निर्जंतुक सुईनं फोडाच्या बुडाशी, कडेला दोन टोचे मारले आणि कापसानं हलकं दाबून पाणी काढलं. वरची कातडी तशीच ठेवली. हौसाबाई मान लांब करून बघत होत्या.

"ती वरची कातडी काडून टाका की."

"अजिबात नाही. ती कातडी म्हणजे आतल्या जखमेची सगळ्यात चांगली पट्टी. ती काढली की आग होते आणि घाण आत जाते."

"म्हंजी झाकण ठिवायचं."

"झाकण ठेवायचं."

हा शब्द त्यांना इतका पटला की बाकावरच्या बाकीच्यांनाही त्या सांगायला लागल्या, झाकण काढायचं न्हाई बरं का. मग मी कापसाची एक लहानशी चुंबळ केली, घागरीखाली डोक्यावर घेतात तशी, मधे भोक. फोड भोकात आला की बुटाचा दाब चुंबळीवर, फोडावर नाही. वरून चिकटपट्टी. दोन पातळ मोजे एकावर एक, म्हणजे घासायचं ते मोज्या-मोज्यात घासू दे. आणि बुटाची नाडी अगदी वरच्या भोकातून ओवून घोट्याशी आवळायची, म्हणजे टाच आत उचलत नाही. ते वरचं भोक कशाला असतं हे निम्म्या जगाला ठाऊक नाही. पळणं बंद, सोमवारी दाखवायला ये, असं बजावून मी दोघींना पाठवलं. जाताना हौसाबाईंनी विचारलं, "मग आता बिब्बा कुटं लावू?" मी दाराकडं बोट दाखवलं.

सोमवारी पूनमची टाच बघून मलाच बरं वाटलं. सूज उतरली होती, झाकण खाली चिकटलं होतं, पू नाही, लाली नाही. मैत्रिणीचा बूटही मिळाला होता. ती मलम आणायला औषधाच्या खिडकीवर गेली आणि हौसाबाई दारापासून बाकापर्यंत चालत आल्या. चपला बाहेर काढायची पद्धत होती आमच्याकडं. कोरड्या फरशीवर त्यांच्या उजव्या पायाचा प्रत्येक पावलाला ओला ठसा उमटत होता. फक्त चवड्याचा.

"हौसाबाई, पाय बघू."

"माजा कशाला? ग्राउंड हिचं हाय."

"बसा आधी."

पाय वर घेतला. चवडाभर फोड फुटलेला, कातडी लोंबतेय, आत मातीचा खडा रुतलेला. पोरगी टाचेवरच्या लिंबाएवढ्या फोडानं चवड्यावर चालत होती आणि ही बाई असल्या पायानं टकाटका चालत आली होती.

"दुखतंय का?"

"न्हाई बा. कायबी न्हाई."

शेठचं तोंड डोळ्यांपुढं आलं. "दुखत नाही त्यालाच मी आधी आत घेते. शुगर आहे ना तुम्हाला?"

"हाय जरा. गोळी हाय की. कवाकवा इसरती."

"आणि डांबरावरून अनवाणी कुठं चालला होतात?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं, पूनम नाही याची खात्री केली. मग सांगितलं. गावाजवळच्या डोंगरावर देवी आहे. सून भरती व्हावी म्हणून पाच मंगळवार अनवाणी जायचं बोलल्या होत्या. दुपारच्या आरतीला पोचायचं. चार झाले होते, एक राहिला होता. तो उद्या.

मी डॉक्टरांना बोलावलं. ते या खेपेला पुढच्या पेशंटकडं वळले नाहीत. आजच भरती करा, पाय जमिनीला टेकवायचा नाही, म्हणाले. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ऱ्हाती की. मंगळवार करून येती आन ऱ्हाती."

"हौसाबाई, पाय काढावा लागेल! कळतंय का?"

"कळतंय वो."

"एक मंगळवार चुकला तर देवी एवढी खुनशी आहे का, की सुनेला पाडेल?"

"देवी कशाला पाडंल?" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. आवाज एकदम खाली आला. "पर समजा पोरगी पडली. दोन मार्कांनी गेली मागच्यावानी. मग मला जलमभर वाटंल, माज्यामुळं गेली. टाचंला बिब्बा लावला त्यो मीच. मंगळवार मोडला त्योबी मीच."

जन्मभर वाटणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. रोज दुकानासमोरून जाताना मी ते बघत होते.

"मी जाते तुमच्याऐवजी," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला अजून कळत नाही. आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्यांच्या नावानं खडे फोडले होते मी.

हौसाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमास्नी झेपंल?"

"झेपेल."

"डांबरीवर चप्पल घालायची न्हाई."

"नाही."

"पायथ्यालाबी न्हाई. आन वाटंत कुटं बसायचं न्हाई. आन..."

"हौसाबाई, अटी वाढवू नका."

"बरं. जावा मग," त्या म्हणाल्या आणि खाटेवर पाय वर करून निजल्या. परवानगी दिल्यासारख्या.

पूनमला मी एवढंच सांगितलं की सासूबाईंची शुगर वाढलीय, पायाला जखम आहे, चार दिवस ठेवून घेते. खोटं त्यात काही नव्हतं, अर्धं मात्र होतं. तिचा चेहरा पडला. "मग मी कशी जाऊ? आत्यांजवळ कोण?"

"मी आहे. आणि तू गेली नाहीस तर ह्या मला सुखानं जगू देणार नाहीत. अकॅडमीच्या गाडीनं सरळ जा."

मंगळवारी रजा टाकली. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना घरात बसवेना, ते स्कूटर घेऊन माझ्या चालीनं शेजारून निघाले. पिशवीत माझ्या चपला. पहिला अर्धा किलोमीटर मी ऐटीत चालले. मग डांबर बोलायला लागलं. डांबर सोडून कडेच्या मुरमावर आले तर खडे टोचायला लागले, परत डांबरावर गेले. येणारेजाणारे ओळखीचे. "सिस्टर, चप्पल तुटली का?" मी सगळ्यांना हो म्हणाले.

"अगं घाल की," हे म्हणाले. "देवीनं काय डोंगरावर कॅमेरे लावलेत?"

"नको."

"तुझा तर विश्वास पण नाही."

नव्हता, आजही फारसा नाही. चपला घालून गेले असते तर हौसाबाईंना कुणी सांगणार नव्हतं. पण न केलेलं ड्रेसिंग केलं म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते आता शेवटी शेवटी सुरू करायची माझी तयारी नव्हती. हे ह्यांना सांगितलं. मग पायथ्याशी त्यांनी स्कूटर लावली, स्वतःच्या चपला काढल्या आणि म्हणाले, "चल, चढ." डोंगर आम्ही दोघंही अनवाणी चढलो. देवीपुढं काय मागायचं ते मला सुचेना. पूनमला वेळेत पळू दे म्हटलं, आणि हौसाबाईंचा पाय राहू दे.

परतताना स्कूटर चालत होती, अट फक्त जाण्याची होती. घरी येऊन बघितलं तर उजव्या चवड्यावर कवडीपेक्षा मोठा, पसरट, छान भरलेला फोड. पुस्तकात चित्र काढावं असा. आणि आता मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. एवढी वर्षं जगाला ओरडून सांगितलं, पण माझेही हात शिवशिवले. केसातला आकडा काढला, फोड फोडला आणि लोंबणारी कातडी ओढून काढली. डोळ्यांतून पाणी आलं. हे दारात उभे राहून बघत होते. "सिस्टर, जरा बघा यांना," म्हणाले.

बुधवारी मी लंगडत कामावर गेले. हौसाबाई महिला वॉर्डात खाटेवर, पाय उशीवर, मनगटावर घड्याळ. जखम साफ झाली होती, शुगर उतरत होती. डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर आल्या, पाय वाचेल. माझी चाल बघून त्यांनी खाटेवर हात आपटला.

"बसा. पाय दावा."

"हौसाबाई, मला कामं आहेत."

"दावा म्हंते न्हवं."

मी पट्टी सोडली. त्यांनी माझा तळपाय दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघितला. मग मान वर केली.

"झाकण कुटाय?"

मी छताकडं बघितलं. वॉर्डात पण पंखाच होता.

"काडलंसा व्हय?" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की आठही खाटांवरच्या बायका उठून बसल्या. "अगं बायांनो बघा! आमास्नी शिकिवत्यात झाकण काढू नगा, आन सोता काडून बसल्यात!" सगळा वॉर्ड हसत सुटला. त्या मात्र माझा पाय सोडेनात. अंगठ्यानं फोडाच्या कडेला हळूच दाबून त्यांनी विचारलं, "दुखतंय का?"

"लय दुखतंय हौसाबाई."

"मग ब्येस हाय. आभार माना आन गप बसा."

तेवढ्यात उशाशी ठेवलेला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्यापुढं धरला, मी बटण दाबलं आणि आवाज मोठा केला. पलीकडं शिट्ट्या, गलका, आणि त्यातून पूनमचा धापा टाकणारा आवाज.

"आत्या! पळाले! माज्या गटात पयली आले, पळण्याचं पुरं मार्क मिळालं!"

पुढं लेखी झाली, यादी लागली आणि पूनम आज वर्दीत आहे. पण त्या वेळी वॉर्डात बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी साखर शोधायला लागलं, आणि हौसाबाई कुणाकडं बघत नव्हत्या. फोनमध्ये तोंड घालून त्या म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ दे. टाच दुखती का?"

"न्हाई वो आत्या! पाय हाय का न्हाई त्ये बी कळलं न्हाई!"

हौसाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. फोन बाजूला धरून त्यांनी माझा दंड पकडला. "सिस्टर, हिचं दुखत न्हाई म्हंती! हिला आदी आत घ्या!"

मला हसू आवरेना. मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "पूनम, थांब जरा. खाली बस, बूट काढ आणि मग सांग."

गलका चालू होता. कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. हौसाबाई घड्याळाकडं बघत होत्या, बांधावर उभ्या असल्यासारख्या. मग पूनम एकदम ओरडली, "आई गं! आत्या, दुखतंय! लय दुखतंय!"

हौसाबाईंनी फोन छातीशी धरला आणि सगळ्या वॉर्डाकडं वळून, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना, सांगितलं, "दुखतंय म्हंती!"

मी पण रडले. कुणी विचारलं तर पायामुळं म्हणून सांगितलं.